श्यामरावांचा उजवा डोळा

वास्तुशांतीचा होम अजून धुमसत होता, पाहुण्यांच्या पानांत बुंदी पडत होती, आणि श्यामराव कापगत्यांनी नव्या घराच्या दारासमोर उभं राहून डावा डोळा मिटला. मिटला म्हणजे संपलंच. छत्तीस वर्षं भिलाईच्या रेल मिलमध्ये त्यांनी असाच डावा डोळा मिटून, रुळाच्या टोकाशी वाकून, उजव्यानं रूळ तपासले होते. केसाएवढा बाक असला तरी तो त्या डोळ्याला शरण येई, आणि मग मशीन काहीही म्हणो, रूळ परत जाई.

"चौकट वाकडी आहे," ते म्हणाले.

वैशाली नगरातल्या त्या घरासाठी धाकट्या भावानं, तेजरामनं, चौदा महिन्यांच्या सगळ्या सुट्ट्या उन्हात काढल्या होत्या. बाप गेल्यावर दादांनीच त्याला वाढवलं, प्लांटमध्ये फिटर म्हणून लावलं. त्या मायेचं काय करावं हे आयुष्यभर न कळल्यामुळे त्यानं शेवटी दादांसाठी उभं राहून हे घर बांधून घेतलं. चौकट बसली तेव्हा त्यानं स्वतः ओळंबा सोडला होता. दोरी आणि लाकूड वरपासून खालपर्यंत एकमेकांच्या सोबतीनं उतरली होती... पण दादांच्या डोळ्यापुढे ओळंब्याची काय प्रतिष्ठा? साठ पाहुण्यांसमोर तेजरामनं हात जोडले आणि चूक आपलीच असल्याचं मान्य केलं.

चौकट बदलली. नवी आणखी वाकडी निघाली. गुलाबराव सुतार हत्यारं गोळा करून निघून गेला. पुढे खिडक्या वाकल्या, जिन्याचा कठडा वाकला, आणि शेवटी श्यामरावांनी अत्यंत शांतपणे भावाला सांगितलं, की बांधकामाचा माल खाणाऱ्यानं या दारात येऊ नये. तेजरामनं हेही मान्य केलं. मान्य करण्याची त्याला सवयच लागली होती.

सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये संध्याकाळी तो अंगणात बसे. प्लांटकडे वितळलेला स्लॅग, लोखंडाची धगधगती मळी, ओतला की आभाळ तांबूस होई, आणि त्या उजेडात मिटल्या पापण्यांआड त्याला ते घर दिसे. पाण्याखाली असल्यासारखं, हळुवार डुलणारं... भिंती वेलींसारख्या झुकलेल्या, आणि आपण दोरी हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत हिंडतो आहोत, कुठेतरी तो बाक सापडेल या व्याकूळ आशेनं. सापडत नसे.

वास्तुशांतीनंतर दोन महिन्यांनी वहिनींचा, कलावतीबाईंचा फोन आला. आधी त्या हसत होत्या. हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे लागलं, ते त्याला समजलं नाही.

"भाऊजी, आता हे म्हणून राहिले का माझं तोंड वाकडं झालं. नाकाच्या इथून. बेचाळीस वर्षांत धड पाह्यलं नाही कधी, आन् आता डोळा मिटून पाहून राहिले."

तेजरामनं फोन खाली ठेवला. चौकटीचा दोष त्यानं घेतला होता, खिडक्यांचा घेतला होता, कठड्याचाही. पण वहिनींच्या नाकाची जबाबदारी घेणं त्याला कोणत्याही हिशेबानं शक्य नव्हतं. म्हणजे घर वाकडं नव्हतंच... दादांचा डोळाच.

त्याच दुपारी तो बोलावणं नसताना वैशाली नगरात पोहोचला. श्यामरावांनी तोंड फिरवलं. तेजराम खुर्चीसमोर उकिडवा बसला.

"दादा, आज उजवा मिटा. डाव्यानं पाहा वहिनीकडे."

असं त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं, कदाचित म्हणूनच त्यांनी ऐकलं. कलावतीबाई पदर सावरून, फोटो काढताना बसतात तशा ताठ बसल्या. कितीतरी वेळ श्यामराव बायकोकडे पाहत राहिले. मग डोळा बदलला. पुन्हा बदलला.

"तुले मालूम होतं," ते भावाला म्हणाले.

"चौकट सरळ आहे, येवढं मालूम होतं. ओळंबा सोडला होता मी."

"मंग बोलला कावून नाही?"

"तुमच्या नजरेले खोटं कसं म्हणू, दादा?"

श्यामरावांनी उठून चपला पायात सरकवल्या.

पद्मनाभपुरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई अमरावतीकडच्या निघाल्या, त्यामुळे वाईट बातमी निदान मराठीत मिळाली. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे नको तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, कच्च्या, झिरपणाऱ्या. त्या झिरपल्या की पडदा फुगतो आणि सरळ रेघ वाकडी दिसते. इतके दिवस डावा डोळा उजव्याची चूक सांभाळून घेत होता, त्या म्हणाल्या, पण हे नेमकं त्यालाच मिटत होते. आता डोळ्यात इंजेक्शन द्यायचं, दर महिन्याला एक, निदान तीन. वाहिन्यांची वाढ थांबेल. नजर किती परत येईल, हे मात्र किती दिवस गेले त्यावर.

"कधीपासून दिसतंय असं?"

"आठ दिवस झाले," श्यामराव म्हणाले.

तेजरामनं चमकून पाहिलं. ज्या माणसानं छत्तीस वर्षं केसाएवढा बाक सोडला नाही, तो डॉक्टरसमोर धडधडीत खोटं बोलत होता. कोणासाठी, हे समजायला वेळ लागला नाही. खरं सांगितलं असतं तर उशीर झाला असं बाई म्हणाल्या असत्या, आणि उशीर कोणाच्या गप्प राहण्यानं झाला हे त्या खोलीत दोघांना ठाऊक होतं. किती मऊ, किती उबदार होतं ते खोटं... त्यात शिरून पडून राहावं, असं तेजरामला क्षणभर वाटलं.

"नाही," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "दोन महिने झाले. वास्तुशांतीपासून. मले मालूम होतं, आन् मी चूप राहिलो."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"तो सांगते ते लिहा," श्यामराव म्हणाले. "मले सरळ दिसत नाही."

बाईंनी लिहून घेतलं आणि स्वच्छ सांगितलं, की मधला थोडा भाग बहुधा परत येणार नाही, बाकीचा वाचेल. तेजरामचे डोळे वाहू लागले. श्यामरावांना ते दिसलं की नाही, सांगता येणार नाही. औषधाच्या थेंबांनी त्यांच्या दोन्ही बाहुल्या विस्फारल्या होत्या. बाहेरचा व्हरांडा दुधासारख्या उजेडात विरघळला होता, आणि माणसं त्यात कडा नसलेल्या ढगांसारखी तरंगत जात होती.

नर्सनं नाव पुकारलं. ते उठले, चार पावलं गेले आणि थांबले. बाजूला हात लांबवला, तसा तेजरामनं तो धरला.

"इथं पायरी आहे का रे?"

"नाही, दादा. सपाट आहे."

श्यामरावांनी खाली पाहिलं नाही. पाऊल टाकलं.