पाच बेचाळीसची ओळ

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती तर रात्र घेतली असती आणि दिवे घालवले असते. ही घडली फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, भर दुपारी, ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर. सगळे ट्यूबलाइट चालू होते.

पटलं तर घ्या. कुणाला पटवून द्यायचं त्राण आता माझ्यात नाही.

आमची कंपनी झोपेत श्वास अडकणाऱ्यांसाठी मशीन बनवते. तोंडावर मास्क, त्याला नळी, उशाशी एक डबा. श्वास थांबला की डब्याने ओरडायचं. त्या डब्यात छोटा कॉम्प्युटर असतो आणि त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, माझ्याकडे आहे. कर्नल जे जे करतं त्याची ओळीओळीने नोंद होते. तिला आम्ही ट्रेस म्हणतो. प्रत्येक श्वासाची एक ओळ आणि प्रत्येक ओळीपुढे तिची वेळ.

त्या आठवड्यात वेळा चुकत होत्या.

मधेच एखादी ओळ पुढच्या वेळेची यायची. तसं होतं कधीकधी. प्रोसेसरच्या चार भागांची चार घड्याळं असतात, एखादं जरा पुढे पळतं. पण पळून पळून किती, तर सेकंदाचा लाखावा भाग. इथे ओळी तास-दीड तास पुढच्या होत्या.

मशीन शुक्रवारी हॉस्पिटलांकडे जाणार होतं. अलार्म वेळेवर वाजतो, या कागदावर सही माझी.

"काळाच्या पुढची ओळ म्हणजे कचरा," आमचे साहेब म्हणाले. त्यांना आम्ही हेडमास्तर म्हणतो, अर्थात पाठीमागे. "गाळून टाक आणि पुढे चल. उगाच राईचा पर्वत करू नकोस."

आमच्याकडे सगळे हेच करतात. मीही दोनदा गाळल्या. तिसऱ्यांदा, चार वाजता, काय वाटलं कोण जाणे, टाकून दिलेल्या ओळी उघडून बघितल्या.

टेबलावरचं मशीन एका रबरी फुप्फुसाला जोडलेलं होतं. त्याला आम्ही जावई म्हणतो. दिवसभर लोळतो आणि सगळ्यांनी त्याची मर्जी सांभाळायची. जावयाचा श्वास ठरलेला असतो, चार सेकंदांना एक. कधी चुकत नाही.

टाकलेल्या ओळींमधले श्वास तसे नव्हते.

दोन आखूड. एक लांब. मग थोडं थांबणं…

पुन्हा दोन आखूड. एक लांब.

हा श्वास माझ्या ओळखीचा होता.

बाबांचा.

बाबा आमचंच मशीन वापरतात. ते मीच घरी नेऊन बसवलं आणि सहा महिने रोज सकाळी त्यांचा ट्रेस बघून त्याचे आकडे जुळवले. माणसाची चाल लांबून ओळखू येते ना, तसं आहे ते. पण बाबांचं मशीन घरी, त्यांच्या उशाशी. टेबलावरच्या मशीनचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. ना तार, ना नेट.

मी शेवटच्या ओळीपर्यंत गेले.

१७:४२:०८. श्वास.

त्यापुढे श्वास नव्हता. अलार्मही नव्हता. तीन सेकंदांनंतरची एकच ओळ होती…

"इथपर्यंत ठीक."

ट्रेसमध्ये हाताने खुणेची ओळ घालता येते, नंतर जागा सापडावी म्हणून. प्रत्येकाची सवय वेगळी. कुणी नुसती टिंबं देतं, कुणी मुलीचं लाडकं नाव लिहितं. एक भाग तपासून झाला की मी लिहिते, "इथपर्यंत ठीक." हे दुसरं कुणी लिहीत नाही.

आणि मी ते लिहिलेलं नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून नऊ मिनिटं झाली होती. म्हणजे पाच बेचाळीसला मी इथेच असणार होते, या खुर्चीत. बाबांचा श्वास थांबल्यावर तीन सेकंदांनी मी ठीक म्हणून लिहिणार होते.

घरी फोन लावला. कुणी उचलला नाही. आई दुपारी दाताच्या डॉक्टरांकडे जाणार होती. बाबा चारला मास्क लावून झोपतात, तेव्हा ते फोन उचलत नाहीत.

हेडमास्तर दारात भेटले. "कुठे निघालीस? उद्या माल जायचाय."

"बाबांना बरं नाही," मी म्हणाले आणि जिना उतरले.

एरवी पाऊण तासाचा रस्ता. त्या दिवशी पुलावर एक ट्रक आडवा झाला होता. गाडी तिथेच सोडली आणि उरलेलं अंतर पळत गेले. कुलपात किल्ली फिरवली तेव्हा पाच अडतीस झाले होते.

आतल्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता.

दोन आखूड. एक लांब.

मी पलंगाजवळ बसले. बाबा शांत झोपले होते. मला स्वतःचंच हसू यायला लागलं. कसल्या ओळी आणि कसलं काय. मी मोबाइलकडे बघितलं. पाच एकेचाळीस.

दोन आखूड. एक लांब. मग थोडं थांबणं…

थांबणं लांबलं.

मशीनने ओरडायला हवं होतं. ते ओरडलं नाही. हिरवा दिवा तसाच होता.

मी मास्क ओढून काढला, बाबांना गदागदा हलवलं. "बाबा, उठा. बाबा." हात थंड होता, मान एका बाजूला गेली. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. एक मिनिट असेल, जास्तही असेल.

मग त्यांनी डोळे उघडले.

"काय गं," ते म्हणाले, "आज लवकर सुटलीस?"

मी रडले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. मी सही केली नाही आणि माल गेला नाही. पुढच्या आठवड्यात अलार्मची चूक सापडली. मशीन शेवटच्या श्वासापासून शांतता मोजायचं. त्या श्वासावर पुढची वेळ पडली, की त्याच्या लेखी शांतता अजून सुरूच झालेली नसायची. मी ते दुरुस्त केलं. चारही घड्याळं जुळवली. हेडमास्तरांनी भर मीटिंगमध्ये पाठ थोपटली.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं.

दुरुस्त केलेलं नवं मशीन मी बाबांना लावलं.

ते ओरडायला लागलं.

बाबा छान श्वास घेत होते, छाती वरखाली होत होती. तरी ते ओरडतच होतं. मी ट्रेस उघडला.

१७:४२:०८. श्वास.

१७:४२:०८. श्वास.

१७:४२:०८. श्वास…

पानंच्या पानं. तारीख त्याच गुरुवारची. मी मशीन बदललं, नळी बदलली, कर्नल नव्याने टाकलं. आईला मास्क लावला तर वेळ नीट पुढे सरकते. मला लावला तरी सरकते. बाबांना लावला की घड्याळ त्या गुरुवारी जाऊन थांबतं. मशीनच्या हिशेबाने हा माणूस तेव्हाच थांबलाय, म्हणून ते ओरडतं. शेवटी मी अलार्मचा आवाज बंद करून टाकला.

ऑफिसमधलं ते मशीन अजून माझ्या टेबलावर आहे. हेडमास्तर म्हणतात, ट्रेस बंद कर आणि जावयाला मोकळा कर. ट्रेस बंद करायचा तर शेवटी माझी खुणेची ओळ लिहावी लागते, "इथपर्यंत ठीक." मी आता कुठेच, कशावरच ती ओळ लिहीत नाही.

बाबांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. गेल्या रविवारी मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, घड्याळ पुढे गेलं तर तुम्ही काय करायचात?

"काटा मागे ओढायचा नाही," ते म्हणाले. "आतली चाकं दुखावतात. घड्याळ थांबवून ठेवायचं. वेळ येऊन गाठते मग त्याला."

ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते.

"किती दिवस अडवून धरणार आहेस?" ते हळूच म्हणाले. "ठीक म्हण एकदाचं. मला फार दमायला होतं गं."

त्या ओळीबद्दल मी बाबांना कधीच काही सांगितलेलं नाही.

आत्ता साडेपाच वाजत आलेत. आई बाहेर गेलीय. मी दाराशी खुर्ची टाकून हे लिहितेय. आतून आवाज येतोय.

दोन आखूड. एक लांब.

मग थोडं थांबणं…