फक्त पाच-सहा किलो

लिफ्ट बंद पडली, म्हणून आमची भेट झाली. शाळेतून येताना मी भाजीच्या दोन पिशव्या घेऊन जिना चढत होते आणि चौथ्या मजल्यावर एक धिप्पाड माणूस वाट अडवून पायरीवर बसला होता. शर्ट घामानं चिंब, कान लाल.

“जरा बाजूला होता का?”

“दोन मिनिटं, मॅडम... व्ह्यू बघतोय.”

“भिंतीचा?”

तो हसला. हसताना त्याच्या डोळ्यांच्या नुसत्या रेघा झाल्या, आणि मी उगाचच पिशव्यांचे हात बदलले.

हितेश. आमच्या उलव्याच्या सोसायटीतल्या शेवंताबाईंचा भाचा, त्यांच्याकडेच राहायला आलेला. न्हावा शेवाला बंदरात क्रेन चालवायचा. कंपनीच्या मेडिकल तपासणीत बीपी वाढलेलं निघालं, तसं साहेबांनी त्याला क्रेनवरून उतरवून ऑफिसात बसवलं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि पाच-सहा किलो वजन कमी करायला सांगितलं.

“पाच-सहा?” तो मला म्हणाला. “आपण वीस करणार. डायरेक्ट!”

इथून माझ्या वैतागाला सुरुवात झाली.

मी रोज संध्याकाळी खाडीच्या बाजूला चालायला जायचे. तोही यायला लागला. आठवडाभर नुसती काकडी आणि ताक, मग कुणाच्या तरी हळदीत मटण-भाकरीवर आडवा हात.

“काल काय खाल्लंस?”

“सॅलड.”

“आणि?”

“...सॅलडबरोबर थोडे बोंबील.”

“थोडे म्हणजे?”

“निशिगंधा, तू रागावलीस ना, की इतकी—”

“वाक्य पूर्ण करू नकोस. चाल!”

त्यात शेवंताबाई मला जिन्यात गाठायच्या. “पोराला सुकवतंस काय गो? हारं दिसाला लागली त्याची!” मला तर एकही हाड दिसत नव्हतं.

मग तो यायचाच बंद झाला. फोन केला तर ‘बिझी आहे’. शेवटी सापडला तो कोपऱ्यावरच्या गाडीवर, हातात वडापाव.

“काटा हलतच नाही गं,” तो पडेल आवाजात म्हणाला. “दिवाळीनंतर बघू. दोन-चार किलोंनी असा काय फरक पडतो?”

माझा तोल गेला. भर रस्त्यात.

“पडतो फरक! बारीक दिसायला नाही सांगितलंय डॉक्टरांनी. पाच-सहा किलो उतरले तरी बीपी खाली येतं, साखर आटोक्यात राहते, गुडघ्यांवरचा भार हलका होतो. पण तुला हिरो व्हायचंय, म्हणून जमण्यासारखं आहे तेही करत नाहीस! माझे बाबाही असंच म्हणायचे — दिवाळीनंतर. मग साखरेनं त्यांचे डोळे गेले... मला पुन्हा आपल्या माणसाचं तसं झालेलं बघायचं नाहीये, कळलं?”

‘आपल्या माणसाचं’ हे शब्द तोंडून गेले खरे. गाडीवाल्यानंही वर पाहिलं. मी पाय आपटत घरी आले आणि स्वतःवरच चिडत बसले.

दुसऱ्या दिवशी तो गेटपाशी उभा होता. वीस किलोंचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. भात अर्धा झाला, बोंबील तव्यावरून कालवणात गेले, हळदीत एका ताटावर तो उठायला लागला. वजन मुंगीच्या पावलांनी उतरत होतं आणि मी रोज कटकट करत होते. एकदा पुलाच्या चढावर त्यानं माझा हात धरला... चढ संपल्यावर सोडायचा विसरला. मीही आठवण केली नाही.

कंपनीनं पुन्हा मेडिकल ठेवली, त्या दिवशी त्याचा फोन बंद. दिवसभर माझं वर्गात लक्ष नाही, मुलं खुसुखुसू हसतायत. संध्याकाळी स्वारी आमच्या दारात हजर.

“फोन कशाला असतो रे? पास की नापास?”

“पास. सोमवारपासून क्रेनवर. गोळीपण कमी केली डॉक्टरांनी.”

मी श्वास सोडला. “उतरलं किती शेवटी?”

“सहा. कुणाला कळतपण नाही. पण झोप मस्त लागते... आणि मावशी म्हणते, घोरणं अर्ध्यावर आलंय.”

“हे मला कशाला सांगतोस?”

तो चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिला. “म्हणजे... पुढे तुलाच ऐकायचंय ना.”

आत बाबांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

“असं विचारतात लग्नाचं? घोरण्यावरून?”

“मग कसं विचारतात? तू सांग, तसं विचारतो.”

“आता हेही मीच सांगू?” मी कपाळावर हात मारला. चेहरा नुसता तापला होता. “हो! हो म्हणतेय मी. आता आत ये आणि बाबांना नीट विचार. त्यांना दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं.”