माहेरचा रकाना

लिफ्टमध्ये बायका तीन होत्या आणि दारावरच्या पाटीवर आकडा होता साडेतीन.

तो तिघींनीही वाचला. ऋजुता मगदूमनं नजर बुटांकडे वळवली, कारण आपण नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. विभागप्रमुख डॉ. हेल्गा ब्रुन साठीला टेकलेल्या, त्यांचा प्रश्नच नव्हता. उरली सेनेगलची आमिनाता. ती महिनाभर सैल झगे घालून इथलं चीज अंगाला लागलं म्हणून सांगत होती.

"अभिनंदन," हेल्गाबाई समोर बघतच म्हणाल्या, आणि चौथा मजला आला.

स्पंदनगणक आल्यापासून असली बिंगं रोजच फुटत. बशीएवढं यंत्र. ते रेडिओलहरी सोडून आसपासच्या छात्यांची धडधड टिपायचं आणि ठोक्यांवरून वयाचा, बाई की पुरुष याचा अंदाज बांधायचं. नाव, गाव, जात काही विचारायचं नाही, नुसतं मोजायचं. दिव्यांच्या खांबांवर आणि एस.टी. स्टँडांवर ती यंत्रं बसली, आणि दारोदार फिरून करायची जनगणना संपली. ऋजुताचे बाबा प्राथमिक शिक्षक. त्यांनी त्या दिवशी शाळेत पेढे वाटले होते. पोटातलं बाळही पाचव्या महिन्यापासून ऐकू यायचं. ते माणूस धरायचं की नाही यावर विश्व लोकविकास मंडळात अकरा बैठका झाल्या आणि शेवटी सगळे दमल्यावर तोडगा निघाला: अर्धं.

त्याच मंडळाच्या जिनिव्हातल्या कचेरीत, लोकसंख्या आणि समाजविकास विभागात, ऋजुता सहा महिन्यांची इंटर्न होती. यंत्राला न पटलेल्या आकड्यांची यादी करायची आणि बैठकीचा वृत्तान्त लिहायचा, एवढंच तिचं काम. इंटर्ननं बैठकीत टिपायचं, बोलायचं नाही, असा लेखी नियमच होता.

त्या सकाळी यादीतलं तिसरं गाव तिचं स्वतःचं निघालं. वाघजाईवाडी, जिल्हा सांगली.

"कायम राहणाऱ्या तरुण बायका नऊ," हेल्गाबाईंनी वाचलं. "वर्षभरात जन्मलेली मुलं सत्तावीस. म्हणजे प्रत्येकी तीन."

आमिनातानं नकळत पोटावर हात ठेवला.

यंत्र बिघडलंय, असा हेल्गाबाईंचा निष्कर्ष. बिघडलेल्या आकड्यांवर मंडळ खर्च करत नाही. तेव्हा तिथली प्रसूतिखोली आणि नर्स एक तारखेपासून बंद. संध्याकाळी पाचला सही, मग पुढचं गाव.

ऋजुताचं पेन थांबलं. तिच्या नम्रताताईला सातवा लागला होता. सासरी ओटीभरण उरकून ती पुढच्या आठवड्यात त्याच खोलीच्या भरवशावर येणार होती. तालुक्याचा दवाखाना चाळीस किलोमीटर लांब, मध्ये घाट.

"मॅडम, त्या नऊ जणींचं यात एकही बाळ नाही," ती बोलून गेली.

नियम मोडलाच होता, तेव्हा तिनं पुरता मोडला. नऊ जणी म्हणजे गावच्या सुना. त्या बाळंतपणाला आपापल्या आईकडे गेल्या. सत्तावीस बाळं गावच्या लेकींची. त्या सासरहून इकडे आल्या.

"मग त्या लेकी राहतात कुठे?"

"सासरी."

"आणि घर कुठे आहे त्यांचं?"

"दोन्हीकडे."

हेल्गाबाईंनी चष्मा काढला. एका माणसाला एकच कायमचा पत्ता, नाहीतर जगाची लोकसंख्या दुप्पट होईल, असं त्यांनी समजावलं. मंडळाच्या नोंदणी-फॉर्ममध्ये दुसऱ्या घराचा रकानाच नव्हता. पण बाई आकड्यांशी प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, चाचणीपुरता रकाना करून दाखव, दुपारपर्यंत.

ऋजुतानं रकाना केला. माहेर या शब्दाला कुठल्याच भाषेत धड जोडी मिळेना, म्हणून खाली खुलासा लिहिला: 'जिथे दार न वाजवता आत जाता येतं, ते घर.' मग पडद्यानं विचारलं, कोणाला पाठवायचं? तीन चुलत बहिणींच्या लग्नांच्या पत्रिका तिनं स्वतः लिहिल्या होत्या. एकाला वगळलं की पुढची दहा वर्षं रुसवा, हे हाताला माहीत. हात आपसूक 'सर्वांना' वर गेला.

सर्वांना म्हणजे एकशेवीस देशांतल्या चार हजार कर्मचाऱ्यांना. आणि मंडळाचा फॉर्म अपुरा असला की ओळखपत्र चालत नसे, कॅन्टीनचं दारसुद्धा उघडत नसे.

जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनबाहेर रांग लागली. कायदा विभागानं लेखी विचारलं, घटस्फोट झालेल्या बायकोचं घर चालेल का, किल्ली अजून आहे. पहारेकऱ्यानं मासेमारीची होडी लिहिली. आमिनातानं सगळ्यांत आधी आईचं घर लिहिलं आणि डाकारचं तिकीटही काढून टाकलं. तिकडे यंत्र बाळंतपणाला आलेल्या लेकींना नव्या रकान्यात धरून गावोगाव पुन्हा मोजत होतं. नकाशावरची, आकडे न पटलेली अकरा हजार लाल गावं एकेक करत हिरवी झाली, आणि वाघजाईवाडीही त्यात होती.

पावणेपाचला हेल्गाबाईंनी बोलावलं. आता नोकरी गेली, असं धरूनच ऋजुता आत शिरली. टेबलावर आदेश तयार होता: प्रसूतिखोली चालू राहील. फक्त सही उमटत नव्हती. पडद्यावर लाल अक्षरं होती, 'सही करणाऱ्याचा फॉर्म अपूर्ण.' शेजारी न उघडलेल्या बिस्किटांचा पुडा. म्हणजे बाईही जेवल्या नव्हत्या.

"आई जाऊन एकोणीस वर्षं झाली. घर विकलं. मी सगळीकडे दार वाजवूनच जाते," हेल्गाबाई म्हणाल्या. आवाज आकडे वाचताना होता तसाच. "काहीतरी खोटं लिहिता येईल, पण मी खोटे आकडे भरत नाही. इथे काय लिहायचं?"

याला ऋजुताकडे रकाना नव्हता. ती बाहेर आली आणि आईला फोन लावला. आई ताईसाठी डिंकाचे लाडू वळत होती. ऋजुतानं एका दमात सगळं सांगितलं: खोली, सही, विकलेलं घर, उरलेली दहा मिनिटं.

"एवढंच ना?" आई म्हणाली. "वाघजाईवाडी लिही म्हणावं."

"अगं आई, असं कुणाचंही माहेर आपलं कसं लिहायचं? खोटं नाही चालत त्यांना."

"खोटं कशानं? येऊन राहिली की खरंच झालं. तुझ्या ताईबरोबरच ये म्हणावं. आपलं दार काय दिवसा कुणी लावतंय?"

काचेपलीकडे हेल्गाबाई त्या रिकाम्या रकान्याकडे बघत बसल्या होत्या. दारावरची पाटी सांगत होती, आत माणसं एक.

"ऐकतीयेस का?" फोनवर आईनं विचारलं. "तिला तिखट चालतं का गं?"