एक फळी कमी

डोक्यावर कपाटाचा कप्पा घेऊन ती जिना उतरत होती आणि खांद्यावर लांबलचक खोकं घेऊन तो चढत होता. वळणावर दोघंही अडकले.

"जरा मागे सरकता?" तो म्हणाला.

"कप्प्यात बटणं आहेत. सांडली तर तुम्ही वेचणार?"

"वेचेन की..."

तो असा काही हसला, की कप्पा खरंच कलला. मग लॅमिनेटचं खोकं भिंतीला टेकवून गडी निमूटपणे पायरीपायरीवरची बटणं वेचत बसला. तो तिच्याच शिवणाच्या खोलीत फ्लोअरिंग बसवायला आलाय, हे तिला शेवटचं बटण हातात देताना कळलं.

सगळी खोकी रिकाम्या खोलीत आडवी ठेवून, फोडून त्यानं बजावलं, "दोन दिवस थांबायचं. फळ्यांना खोलीची हवा लागू दे. घाई केली तर मागाहून फुगून बसतात."

"फळ्या आहेत की जावई?" स्वयंपाकघरातून आत्या म्हणाली. घर आत्याचं आणि तिथे शेवटचा शब्दही आत्याचाच.

दुसऱ्या दिवशी काही काम नसताना तो हजर! म्हणे, जमीन सपाट आहे का ते पाहायचंय. लांब पट्टी टेकवून त्यानं तोच कोपरा तीनदा तपासला. ती ब्लाउजला हुक लावत दारातच बसली होती.

"तब्येत बरी आहे ना फळ्यांची?" तिनं विचारलं.

"फळ्यांची बरी आहे," तो खाली बघत म्हणाला, "माझंच काही खरं नाही."

तिला सुई टोचली. तो गेल्यावर मात्र ती फळ्यांकडे बघत बसली. उद्या काम संपणार, मग हा कशाला येतोय इकडे? तिनं इकडेतिकडे पाहिलं, एक फळी उचलली आणि बाल्कनीत, कपडे वाळवायच्या घोडीमागे दडवली. एक फळी कमी पडली की पुन्हा यावंच लागेल!

तिसऱ्या दिवशी फोमचा थर अंथरून त्यानं काम सुरू केलं. ती फळ्या हातात देत होती, तो खाचेत खाच अडकवून ठोकत होता. बोटाला बोट लागलं की दोघंही उगाच खिडकीबाहेर बघत.

"भिंतीपाशी ही फट कशाला?"

"फळ्यांना पसरायला. वरून पट्टी बसते, कुणाला दिसत नाही."

"सगळंच झाकतं का हो पट्टीनं?" तिनं विचारलं, आणि हातोडी त्याच्या अंगठ्यावर बसली.

दुपारी दारापाशी नेमकी एक फळी कमी पडली. ती मनातून नाचायच्या बेतात होती, तेवढ्यात तो म्हणाला, "उद्या दुकानातून दुसरा माणूस येईल. मी उद्यापासून परगावी... महिनाभराचं काम आहे."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. दुसराच कुणी येणार, तर फळी कमी पडून काय उपयोग? ती धावत बाल्कनीत गेली.

"सापडली!"

त्यानं फळी लावून पाहिली, ठोकून पाहिली. बसेना. रात्रीच्या भुरभुर पावसानं तिची कड फुगली होती. त्यानं कडेवरून बोट फिरवलं.

"ही बाहेर होती."

"...हो."

"कुणी ठेवली?"

"मी." तिनं मान वर केली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तुम्ही पुन्हा यावं म्हणून. तुम्ही मला आवडता. झालं समाधान?"

तो कानापर्यंत लाल होत म्हणाला, "माझ्या गाडीत एक जादा फळी आहे. नेहमीच असते."

"मग दुसरा माणूस कशाला?"

"तुम्ही थांबवता का, ते बघायचं होतं..."

"आणि परगाव?"

"ते खरंय. पण दर सुट्टीला येईन. येऊ ना?"

"विचारताय काय? यायचंच!"

तो धावत खाली जाऊन फळी घेऊन आला. ती हातोडी पुढे करणार, तर त्यानं फळी हळूच खोलीच्या मधोमध आडवी ठेवली.

"आज नाही बसवायची. दोन दिवस हिला खोलीची हवा लागू दे. दुकानाच्या मालकांना फोन करतो, तिकडचं काम दोन दिवसांनी."

दोघंही हसू दाबत फळीकडे बघत उभे राहिले.

"अगं," आतून आत्याचा आवाज आला, "फळी राहू दे तिथेच. जावयाला चहा तरी विचार!"