भागीला विचारलं का?

सकाळपासून शेडमध्ये एकही धोटा हलला नव्हता. माग गप्प, आणि कमळाक्काचं तोंड चालू. मागाचा खडखडाट थांबला की इचलकरंजीच्या माणसाला चैन पडत नाही.

मागांना बोलक्या मेंदूपेट्या बसून वर्षं लोटली होती. पेट्यांची जुनी प्रणाली आज दिवस मावळताना कायमची बंद होणार होती. नवी बसवायची म्हणून माग थांबवलेले; ती वेळेत बसली नाही, तर शेडला टाळंच.

सून तेजल बोटाएवढी डिस्क घेऊन आली.

"हिच्यात काय मंतर भरलायस?"

"आत्याबाई, चालू होताना माग आधी हीच वाचतो. जुनं पुसतो, नवं आपलं आपण बसवून घेतो. मध्ये प्रश्न येतात. भाषा कोणती, नाव काय, शिकलेलं ठेवू की पुसू? सगळ्यांची उत्तरं मी आधीच भरलीत. जवळ माणूस लागत नाही."

"म्हंजे इचारनार यंत्र, उत्तर देनार तू. आन् जिचं पुसायचं तिला?"

"तिला काय विचारायचं? माग आहे तो."

अक्का कोपऱ्यातल्या भागीपाशी गेली. हा माग तिनं स्वतः शिकवलेला. सूत तुटायच्या आधी आवाज बदलतो, ही खूण भागीला अक्काकडून मिळालेली. आता अक्काला कमी ऐकू येई. भागी पुसली, की ती विद्या कुठंच उरणार नव्हती.

"हिचं ऱ्हाऊ दे."

"ठेवलं आणि नवी प्रणाली अडखळली, तर सगळी शेड अडकेल. माग एकमेकांना जोडलेत."

अक्काला तांदळाचं ताट आठवलं. लग्नात नवऱ्यानं अंगठीनं तांदळात 'कमळ' लिहिलं, भटजींनी मोठ्यानं वाचलं, पेढे वाटले, माहेरची बायजा संपली. शेजारी बसलेल्या पोरीला कुणी विचारलं नव्हतं. पेढा मात्र तिलाही दिला होता.

"तुला इचारल्याबिगर तुझं नाव बदलू दिलं न्हाई मी. सासऱ्याशी भांडले तुझ्या. मग हिलाबी इचार."

"तुम्हीच विचारा," तेजल हसली.

"भागे, ठिवू का पुसू?"

पेटीवरचा दिवा लुकलुकला. एरवी भागी ताणा सैल झाला, सूत संपलं, एवढंच बोलायची. पण काम करता करता अक्का तिच्यापाशी जे जे बोलून मोकळी व्हायची, ते तिनं सगळं ऐकलं होतं.

"अक्का," भागी म्हणाली, "बायजा म्हणून हाक मारली, तर तुम्ही अजून ओ देता का?"

तेजलचा डिस्क धरलेला हात थांबला. दारातलं ऊन उतरत चाललं होतं.

सासूचं नाव या घरात कुणी घेत नसे. तरी तेजलनं हळूच हाक मारली.

"बायजा?"