नीबाल्दोची गाठ

ही गोष्ट खरी आहे. रेमिहियोनं ती स्वतः सांगितली आणि तीत त्याचीच नाचक्की आहे. स्वतःची नाचक्की होईल असं खोटं माणूस सहसा रचत नाही.

कोळ्यांचा संत सान पेद्रो, त्याच्या सणाचा दुसरा दिवस. चिलीच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव, केब्रादा सेका.

सकाळचे साडेनऊ. भुताला शोभेल अशी वेळ नाही, हे मान्य.

रेमिहियो एकटाच होडी घेऊन उइरोच्या रानात शिरला. उइरो म्हणजे समुद्राच्या तळातून वर आलेल्या लांबच लांब, बुळबुळीत वेली. तिथे नांगर कुणी टाकत नाही. वेलींची जुडी ओढायची, नाळेवरच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरच्या, खुंटीला गुंडाळून गाठ मारायची. होडी जागेवर.

निघताना गाठ सोडायची. कापायची कधीच नाही. जिनं आपल्याला धरून ठेवलं, तिच्यावर सुरी चालवत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी इथेच त्याच्या बहिणीचा नवरा गेला. नीबाल्दो. वेलींत अडकलेला खेकड्यांचा पिंजरा सोडवायला तो पाण्यात उतरला होता, त्यानंच होडीला बांधलेली जुडी धरून. रेमिहियो होडीत होता. लाट आली, होडी वाहत गेली, नीबाल्दो सापडला नाही.

"दाजींची गाठ सुटली," रेमिहियोनं गावात सांगितलं.

गावानं ते फारच मनावर घेतलं. शर्टाचं बटण तुटलं... नीबाल्दोची गाठ. साखरपुडा मोडला... नीबाल्दोची गाठ.

सणाला बुडालेल्यांच्या नावानं पाण्यात माळा सोडतात. यंदा कुणीतरी म्हणालं, "नीबाल्दोची माळ नीट बांधा रे, नाहीतर तीही सुटायची."

सगळे हसले. रेमिहियोही हसला.

मागे त्याची बहीण ओतिलिया उभी होती.

"दादा, तू पण?" एवढंच म्हणाली.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेमिहियोनं जुडी बांधली, गळ सोडला. धुकं उतरलं.

आधी समुद्रपक्षी गप्प झाले.

मग खडकावरच्या लाटांचा आवाज गेला.

मग नाळेवर... टक.

त्यानं वळून पाहिलं. त्याची गाठ तिथे नव्हती. दुसरीच होती. पीळ उलटा. डाव्या हाताचा.

गावात डावखुरा एकच होता.

रेमिहियोनं नखं लावली, दात लावले. गाठ हलेना. होडीची नाळ मात्र खाली चालली होती... बोट बोट.

त्यानं सुरी काढली. वेलीवर टेकवली.

धुक्यातून, अगदी हाताच्या अंतरावरून, जेवणाच्या टेबलावर बोलावं तसा आवाज आला.

"काप की, मेव्हण्या. तुला सवय आहे."

सुरी पाण्यात पडली. नाळ खाली जायची थांबली.

दुपारी धुकं फाटलं, तेव्हा म्हातारा लाउतारो होडी वल्हवत आला. त्यानं गाठ पाहिली. दोनदा ओढली.

"ही कुणी मारली?"

"दाजींनी."

लाउतारोनं उलटा पीळ बोटानं चाचपला.

"ही सुटणारी गाठ नाही, रेमी. मग तेव्हा कशी सुटली?"

"सुटली नव्हती," रेमिहियो म्हणाला. "लाट जुडीसकट होडी खडकावर ढकलत होती. वल्हवून निसटायला मी जुडी कापली. दाजी खालीच होते."

लाउतारोनंही वेलीवर सुरी चालवली नाही. दोघांनी खुंटीच उखडली. ती अजून त्या रानात तरंगते आहे, गाठीसकट.

ओतिलियानं सगळं ऐकलं. रडली नाही.

"म्हणजे त्यांची गाठ घट्ट होती?"

"हो."

"मग हे धक्क्यावर जाऊन सांग. माळेच्या वेळी हसलास ना, तेवढ्याच मोठ्यानं."

त्यानं सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही.

रेमिहियो आता समुद्रावर जात नाही.

एक राहिलं. माळेचा तो विनोद माझा होता. चांगला जमला होता.

मी झोपताना बुटांच्या नाड्या सोडून ठेवतो. आज सकाळी त्या बांधलेल्या होत्या. पीळ उलटा.

तासभर खटपट केली. मग सुरी घेतली...

ठेवून दिली.

आज चपला घालून हे लिहितोय.