तिसऱ्या खाटेची पाळी

साधे आभार मानायला तुम्ही कधी घाबरलात का? मी घाबरते. या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली.

माते, म्हणजे कडू पाल्याचा चहा, पिताना आमच्याकडे एकच जण ओतणारी असते. कडू पाला भरलेल्या तुंबडीत ती गरम पाणी घालते आणि पाळीपाळीने एकेकीच्या हातात देते. आपण नळीने ओढून तुंबडी रिकामी करायची आणि मुकाट्याने परत द्यायची. परत देताना 'ग्रासियास', म्हणजे आभार, असं म्हटलं की आपलं झालं. मग आपल्याला पाळी नाही. तो शब्द म्हणेपर्यंत मात्र ओतणारीने द्यायचं थांबायचं नसतं.

तेव्हा लष्कराचं राज्य होतं. मी शाळेच्या मुलांचे पांढरे डगले शिवत असे. जुलैतल्या, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यातल्या, एका सकाळी बटणं आणायला निघाले, तर शिपाई दारातच उभे. माझ्याकडे बाह्या आखूड करायला आलेला एक कोट वर्षभर खुंटीला लटकत होता. त्याच्या अस्तरात त्यांना सरकारविरोधी कागद सापडले. कोट कुणाचा, एवढंच त्यांना हवं होतं. आठवत नाही, मी म्हणाले. कोट माझ्या बहिणीच्या मुलीचा, मिर्ताचा होता. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला मीच हातात धरलं होतं.

मला ज्या कोठडीत टाकलं तिथे रामोना होती. सीमेपलीकडून झग्याखाली साबण आणि कॉफी बांधून आणणारी, जाडजूड, तोंडाळ बाई. मी रोज संध्याकाळी जपमाळ ओढायचे आणि ती हसायची. "अगं डेलमिरा, देवाला माझंही सांग. म्हणावं, रामोना साबणात भेसळ करत नव्हती." मला ती आवडू लागली होती. राजकीय कैद्यांच्या कोठडीत साबणवाली कशाला ठेवली असेल, हे माझ्या भोळ्या डोक्यात आलंच नाही.

कोठडीत खाटा तीन होत्या. तिसरी कोपऱ्यात, गादी काढून घेतलेली, नुसत्या लोखंडी पट्ट्यांची. रामोना तिच्याकडे पाठ करून बसायची.

दुपारी चारला पहारेकरीण किटलीभर गरम पाणी द्यायची. सहा-सात तुंबड्यांत ती संपायची. त्या दिवशी नदीवरून धुकं आलं होतं. खिडकीत चारलाच अंधारलं. ओल्या लोकरीचा वास येत होता आणि बाहेरच्या भोंग्यावर लष्करी बँड वाजत होता. रामोना ओतत होती, आम्ही आळीपाळीने पीत होतो. ती नेहमीपेक्षा मऊ बोलत होती. मला लेकरं नाहीत, मग जीव कुणावर आहे, असं विचारत होती. मी भाचीबद्दल बोलू लागले. ती शाळेत शिकवते, तिला थंडी सोसत नाही...

"मग कोट शिवून देत असशील तिला," रामोना म्हणाली.

नाव माझ्या ओठांवर आलं होतं. इतक्यात नळीचा आवाज आला. तुंबडी संपताना शेवटचं पाणी ओढलं की येतो ना, खुर्रर्र... तसा. माझे हात मांडीवर होते. तुंबडी आमच्या दोघींच्या मधे स्टुलावर होती. रामोनाने ती नुकतीच भरली होती.

ती आता रिकामी होती.

रामोनाचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. मग मान न वळवता ती हळूच म्हणाली, "तिचं झालेलं नाही अजून."

"कुणाचं?"

तिने खालच्या आवाजात सांगितलं. तिसरी खाट इरेनेची होती. औषधांच्या दुकानात काम करणारी पोरगी. रामोनाने तिला असंच माते पाजत बोलतं केलं आणि एक नाव काढून तुरुंगाच्या कप्तानाला दिलं. त्याबदल्यात रामोनाला घरी सोडणार होते. सोडलं नाही. इरेनेला न्यायला आले तेव्हा तुंबडी तिच्या हातात होती. नळी तोंडातून काढून घेऊन तिला नेलं. ती परत आली नाही.

"ग्रासियास म्हणाली नाही ती," रामोना म्हणाली. "आता तुझ्याकडून नाव काढायला बसवलंय मला."

मला रडू आलं नाही, रागही आला नाही. तिने तुंबडी भरून माझ्यापुढे धरली. मी प्यायले, परत दिली आणि लहानपणापासूनच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "ग्रासियास."

रामोनाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला विहिरीत एकटीला सोडून दोर वर ओढून घेतला होता. "आता आम्ही दोघीच राहिलो," ती म्हणाली.

मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. मागे पाणी ओतल्याचा आवाज. मग नळीचा. मग पुन्हा ओतल्याचा, आणि कोपऱ्यातून नळीचा. मी जपमाळेच्या मण्यांवर मोजत गेले. तिसाव्या तुंबडीनंतर मोजणं सोडलं. किटलीतलं पाणी संपत नव्हतं. बँड थांबला, दिवे मंद झाले, तरी ते चालूच होतं. एकदाच रामोना कळवळून पुटपुटली, "म्हण ना गं... एकदा म्हण."

दुसऱ्या दिवशी सकाळी रामोनाला कप्तानाकडे नेलं आणि अर्ध्या तासात परत आणलं. कोट इरेनेचा होता, असं तिने लिहून दिलं होतं. दुपारच्या आत मला सोडलं. मी निघाले तेव्हा रामोना तिसऱ्या खाटेकडे तोंड करून बसली होती आणि भरलेली तुंबडी तिने पुढे धरली होती. पहारेकरणीने कालची किटली न्यायला उचलली आणि चटका बसून खाली ठेवली. ती काठोकाठ भरलेली होती.